आभासी पिनबॉल अडखळतो तेव्हा खर्च कशावर करावा : ग्राफिक्स कार्ड, रॅम-एसएसडी की मॉनिटर?

कोथरूडला राहणाऱ्या माझ्या मामेभावाने गेल्या महिन्यात विचारलेला प्रश्न हाच या लेखाचा विषय आहे. त्याच्याकडे २०१७ साली जुळवून घेतलेला डेस्कटॉप आहे. त्यात इंटेलचा आय५-७४०० प्रोसेसर, ८ जीबी रॅमची एकच पट्टी, १ टीबीची हार्ड डिस्क आणि ४ जीबीचे जीटीएक्स १०५० टीआय हे ग्राफिक्स कार्ड आहे. घरातला ४३ इंची ४के टीव्ही उभा बसवून त्याने त्यावर व्हिज्युअल पिनबॉल एक्स हा पिनबॉलची यंत्रे संगणकावर उभी करणारा खेळ खेळायला सुरुवात केली, कारण या मापाच्या पडद्यावर पिनबॉलचे टेबल जवळजवळ खऱ्या आकाराचे दिसते. पण चेंडू मध्येच थबकतो आणि पुढच्या क्षणी फ्लिपरच्या, म्हणजे चेंडू परत उडवणाऱ्या दांडीच्या, खालून निसटलेला असतो, अशी त्याची तक्रार होती. टिळक रस्त्यावरच्या एका दुकानात त्याला नवे कार्ड घेण्याचा सल्ला मिळाला, तर ऑफिसातल्या सहकाऱ्याने जास्त रिफ्रेश रेटचा, म्हणजे सेकंदाला जास्त वेळा चित्र बदलणारा, मॉनिटर सुचवला. दोन्ही सल्ले कोणाच्या ना कोणाच्या बाबतीत योग्यच ठरतील. मात्र चेंडू नेमका कोणत्या वेळी थबकतो, हे त्याला दोघांनीही विचारले नव्हते.

या खेळात सफाईदारपणा म्हणजे काय, हे आधी पाहावे लागेल. खऱ्या पिनबॉलचा चेंडू सुमारे २७ मिलिमीटर व्यासाचा आणि ८० ग्रॅम वजनाचा असतो. तो सेकंदाला ३ मीटर वेगाने खाली येत आहे असे धरले, तर ६० हर्ट्झच्या (सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या) पडद्यावर दर फ्रेमला, म्हणजे दर चित्रामागे १६.६७ मिलिसेकंदांत, तो ५ सेंटिमीटर पुढे सरकतो. व्ही-सिंक (पडद्याच्या फेरीशी जुळवूनच नवी फ्रेम दाखवण्याची सोय) चालू असताना एखादी फ्रेम तयार व्हायला १६.६७ ऐवजी १७ मिलिसेकंद लागले, तर ती पुढच्या फेरीपर्यंत थांबते आणि आधीचे चित्र पडद्यावर ३३ मिलिसेकंद राहते. तेवढ्यात चेंडू १० सेंटिमीटर सरकलेला असतो, आणि फ्लिपरची लांबीच मुळात साडेसात सेंटिमीटरच्या आसपास असते. चेंडूच्या हालचालीचे गणित व्हिज्युअल पिनबॉल सेकंदाला १००० वेळा करते, त्यामुळे चित्र थांबले तरी चेंडू थांबत नाही. म्हणून एका मिनिटाची सरासरी ५९ फ्रेम आली, यावर समाधान मानण्यात अर्थ नाही. त्या मिनिटातली सर्वांत उशिरा आलेली फ्रेम किती उशिरा आली, याला महत्त्व आहे, कारण चेंडू हातचा जातो तो तिच्यामुळे.

खर्चाआधी निदान

खेळ चालू असताना एफ११ दाबले की फ्रेमचे आकडे पडद्यावर येतात. ते समोर ठेवून एकच टेबल सलग अर्धा तास खेळावे आणि अडखळणे केव्हा होते ते लिहून ठेवावे. मल्टिबॉल (एकाच वेळी अनेक चेंडूंचा खेळ) पहिल्यांदा सुरू होताना किंवा एखादा आवाज पहिल्यांदा वाजताना खेळ थबकत असेल आणि दुसऱ्या खेपेला त्याच ठिकाणी काहीच होत नसेल, तर संशय हार्ड डिस्क आणि अपुरी रॅम यांच्यावर घ्यावा. सुरुवातीपासून सगळेच जड चालत असेल आणि रिझोल्यूशन १०८०पीवर आणताच मोकळे होत असेल, तर ग्राफिक्स कार्ड कमी पडते आहे. रिझोल्यूशन उतरवूनही आकडे हलत नसतील, तर अडचण प्रोसेसरची आहे. पहिली वीस मिनिटे उत्तम जाऊन मग घसरण लागत असेल, तर ती उष्णतेची आहे. मामेभावाच्या संगणकात यांतल्या दोन गोष्टी एकत्र निघाल्या. ४केवर सगळेच जड होते, आणि १०८०पीवर आणल्यावरही पहिल्या मल्टिबॉलचा झटका तसाच राहिला. त्याने फक्त कार्ड बदलले असते, तर तो झटका नव्या कार्डासोबतही आला असता.

बिनखर्चाची सेटिंग की नवे कार्ड

४के पडद्यावर दर फ्रेमला सुमारे ८३ लाख पिक्सेल रंगवावे लागतात, तर १४४०पीला सुमारे ३७ लाख आणि १०८०पीला सुमारे २१ लाख. सुपरसॅम्पलिंग (चित्र मोठे रंगवून मग लहान करणे) दोन्ही दिशांना दुप्पट ठेवले, तर ४केचे काम आणखी चौपट होते. इतके ओझे १०५० टीआयसारख्या कार्डावर टाकून ते पेलत नाही म्हणणे त्याच्यावर अन्यायाचे आहे. सुपरसॅम्पलिंग बंद करून एफएक्सएए किंवा एसएमएए ही कडा गुळगुळीत करण्याची हलकी पद्धत ठेवणे, अँबियंट ऑक्लूजन (कोपऱ्यांतल्या सावल्या) आणि स्क्रीन स्पेस रिफ्लेक्शन (पृष्ठभागांवरची प्रतिबिंबे) बंद करणे आणि टेक्स्चरची (पृष्ठभागांवर चढवलेल्या चित्रांची) कमाल मर्यादा उतरवणे, एवढ्यानेच ४ जीबीचे कार्ड बहुतेक टेबलांना पुरे पडू लागते. चेंडूत दिसणारे दिव्यांचे प्रतिबिंब मात्र मी शेवटपर्यंत काढत नाही, कारण चेंडूचे गोल फिरणे डोळ्यांना कळते ते त्याच्यामुळेच.

याच टप्प्यावर विंडोजचा पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर ठेवावा, अँटिव्हायरसला पिनबॉलचा फोल्डर वगळायला सांगावे आणि टीव्हीचा गेम मोड लावावा. आगाऊ तयार करून ठेवायच्या फ्रेमची संख्याही पाहावी. रांगेत तीन फ्रेम साचल्या, तर ६० हर्ट्झवर बटण दाबल्यापासून चित्र हलेपर्यंत ५० मिलिसेकंदांची भर पडते. खेळ दिसायला गुळगुळीत पण हाताला जड लागतो, तो बहुधा याच कारणाने, आणि अशा वेळी नवे कार्ड घेऊनही मन भरत नाही.

नवे कार्ड घेणे योग्य ठरते ते एकाच परिस्थितीत. पडदा ४केच हवा, प्रतिबिंबे आणि छायाप्रकाश पूर्ण हवे, आणि १०८०पीची कसोटी लावल्यावर दोष कार्डाचाच निघाला, असे तिन्ही असेल तर कार्डाला पर्याय नाही. अशा वेळी निदान ८ जीबी मेमरीचे कार्ड पाहावे. आरएक्स ६६०० हे ८ जीबीचे असून सुमारे १३२ वॅट घेते, तर आरटीएक्स ३०६० मध्ये १२ जीबी आहेत आणि ते १७० वॅटपर्यंत जाते. पहिल्यासाठी ४५० वॅटचा आणि दुसऱ्यासाठी ५५० वॅटचा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग) सुचवलेला असतो. १०५० टीआयचे काम बोर्डाच्या स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॅटवर चालते, म्हणून त्याच्या सोबत घेतलेले एसएमपीएस बहुधा साधे असतात आणि कार्डाच्या खर्चात एसएमपीएसचा खर्चही धरावा लागतो. काही वर्षांपूर्वी मी हा हिशोब केला नव्हता. नवे कार्ड बसवल्यावर गर्दीचे टेबल चालू झाले की संगणक जागच्या जागी बंद पडायचा, आणि दुकानदार कार्डातच दोष आहे असे समजून ते दोनदा बदलून देत राहिला. एसएमपीएस बदलल्यावर तो प्रकार थांबला.

रॅम आणि एसएसडी

या दोन्हींनी फ्रेमचा सरासरी आकडा फारसा वाढत नाही, आणि म्हणूनच त्यांची शिफारस फार कमी जण करतात. पण आजचे एखादे तपशीलवार टेबल, त्याचे मोठे टेक्स्चर, दुसऱ्या पडद्यावरचा बॅकग्लास (यंत्राच्या मागच्या उभ्या फळीचे चित्र) आणि त्यावर चालणारे व्हिडिओ मिळून ८ जीबी रॅम सहज भरते. मग विंडोज काही भाग डिस्कवर ढकलते आणि गरज पडली की तिथून परत आणते. फिरत्या हार्ड डिस्कवर ही ये-जा खेळताना जाणवण्याइतकी मंद असते. साधी साटा एसएसडी सेकंदाला ५०० एमबीपेक्षा जास्त वेगाने वाचते, आणि त्याहूनही मोठा लाभ म्हणजे तिला विखुरलेल्या छोट्या फाइली शोधायला वेळ लागत नाही. एनव्हीएमई एसएसडी कागदावर कितीतरी वेगवान आहे, पण या कामात तिचा वेगळा फायदा मला दिसलेला नाही.

ज्यांच्याकडे वेगळे ग्राफिक्स कार्डच नाही, त्यांच्यासाठी रॅमची दुसरी पट्टी हा सर्वांत लाभदायक खर्च आहे, हे ठासून सांगावेसे वाटते. प्रोसेसरमधले ग्राफिक्स संगणकाचीच रॅम वापरते. डीडीआर४-३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी देते, तर दोन पट्ट्या दोन चॅनलमध्ये बसवल्या की ५१.२ जीबी मिळतात. लॅपटॉप घेणाऱ्यांनी म्हणूनच १६ जीबीची एक पट्टी आहे की ८-८ च्या दोन, हे पैसे देण्यापूर्वी विचारून घ्यावे.

उष्णतेचा मुद्दा थोडक्यात आटोपतो, कारण त्याचा उपाय स्वस्त आहे. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो आणि रस्त्याकडेच्या घरांत खोदकामाची धूळ वर्षभर येत असते. मामेभावाच्या कॅबिनेटची बाजू उघडली तेव्हा प्रोसेसरच्या पंख्याखाली करड्या धुळीचा जाड थर बसला होता आणि त्याच्यातून वारा जायला वाटच उरली नव्हती. ब्रशने आणि ब्लोअरने पंख्याखालची जाळी साफ करून नवी थर्मल पेस्ट लावल्यावर पंख्याचा आवाज इतका उतरला की टेबलाचे संगीत नीट ऐकू येऊ लागले. हे काम एका गुरुवारी दुपारी केले, कारण दुरुस्तीसाठी वीज तशीही बंद होती.

मॉनिटर की सध्याचा टीव्ही

१२० हर्ट्झवर त्याच वेगाचा चेंडू दर फ्रेमला ५ ऐवजी अडीच सेंटिमीटर सरकतो, म्हणजे त्याच्या व्यासापेक्षाही कमी. हा फरक चित्रात मांडून दाखवता येत नाही, पण पाहणाऱ्याला पहिल्या चेंडूलाच कळतो, आणि पिनबॉलच्या सगळ्या सुधारणांत मला हीच सर्वांत आनंदाची वाटते. २७ इंची, १४४०पी आणि १४४ किंवा १६५ हर्ट्झचा मॉनिटर कार्डावर ४केपेक्षा निम्म्याहून कमी पिक्सेल टाकतो, आणि व्हेरिएबल रिफ्रेश रेट असेल तर एखादी फ्रेम दोन-तीन मिलिसेकंद उशिरा आली तरी चित्र तिच्यासाठी थांबून घेते. व्ही-सिंकमुळे होणारी दुप्पट वाट पाहणे तिथे उरत नाही.

याच्या उलट बाजूला टीव्हीचा आकार आहे. जवळपास खऱ्या मापाचे टेबल पाहण्याची सवय लागल्यावर २७ इंच तोकडे वाटतात, हे मान्य करायला हवे. १२० हर्ट्झचा ४के टीव्ही घेतला तर दोन्ही साधते, पण त्यासाठी एचडीएमआय २.१ लागते आणि १०५० टीआयवर एचडीएमआय २.० आहे, जिथे ४केची मर्यादा ६० हर्ट्झ आहे. म्हणजे टीव्हीच्या मागोमाग कार्डही घ्यावे लागते. शिवाय टीव्हीच्या खोक्यावरचा मोठा आकडा पुष्कळदा मधल्या फ्रेम स्वतः रचून घालण्याच्या सोयीचा असतो. ती सोय पिनबॉलसाठी बंदच ठेवावी, कारण तिच्यामुळे बटण आणि चित्र यांतले अंतर वाढते.

प्रोसेसरचा प्रश्नही इथेच येतो. व्हिज्युअल पिनबॉलच्या टेबलांचे नियम व्हीबीस्क्रिप्ट या भाषेत लिहिलेले असतात आणि ते काम मुख्यतः प्रोसेसरच्या एकाच कोअरवर (गणना करणाऱ्या एका भागावर) चालते, त्यामुळे कोअरच्या संख्येपेक्षा एका कोअरचा वेग महत्त्वाचा ठरतो. १९७० च्या दशकातल्या इलेक्ट्रो-मेकॅनिकल यंत्रांची टेबले फार हलकी असतात, कारण त्यांत रॉमची (यंत्रातल्या चिपवरच्या प्रोग्रामची) नक्कल करावी लागत नाही, आणि ती जुन्या आय५ वरही १२० फ्रेम सहज देतात. अलीकडच्या भरगच्च टेबलांवर मात्र तसे होईलच असे नाही. तेव्हा मॉनिटर घेण्यापूर्वी १०८०पीवर व्ही-सिंक बंद करून आपल्या आवडीच्या टेबलांचे आकडे पाहून घ्यावेत. ते १२० च्या बरेच खाली राहत असतील, तर मॉनिटर संगणकापुढे धावेल.

पूर्ण नवा संगणक घेण्याचा विचार असेल, तर आणखी एक गोष्ट हिशोबात धरावी. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि आय५-७४०० हा विंडोज ११ च्या मान्य यादीत नाही. म्हणून आज घेतलेली कोणती वस्तू उद्याच्या संगणकात जाईल, हे पाहणे शहाणपणाचे आहे. मॉनिटर आणि एसएसडी जातील, कार्डही जाईल, पण डीडीआर४ रॅम डीडीआर५ च्या बोर्डात बसणार नाही. त्यामुळे जुन्या संगणकासाठी पट्टी घ्यायची झाल्यास आधीच्या पट्टीशी जुळणारी, वापरलेली पण तपासून घेतलेली पट्टी मला अधिक पटते.

मामेभावाने रिझोल्यूशन १४४०पीवर आणले, ८ जीबीची दुसरी पट्टी वापरलेली घेतली आणि ५०० जीबीची साटा एसएसडी बसवली. कार्ड घेतले नाही, टीव्ही तोच ठेवला, आणि मॉनिटरचा विषय दिवाळीपर्यंत पुढे ढकलला. गेल्या रविवारी त्याच टेबलावर पहिला मल्टिबॉल सुरू झाला तेव्हा आम्ही दोघेही खेळाऐवजी एफ११ च्या आकड्याकडे पाहत होतो. तिन्ही चेंडू खाली आले, आणि आकडा ६० वरून हलला नाही.