जुन्या होडीला फायबर, आउटबोर्ड आणि एक बूच : हंगामभर वापरल्यावर

वाघोटन खाडीतल्या आमच्या जुन्या लाकडी होडीला बाहेरून फायबर (रेझिनमध्ये भिजवलेल्या काचतंतूंचा थर) मारून आणि मागची बाजू कापून आउटबोर्ड (मागे बाहेरून टांगायचं इंजिन) बसवून आता अख्खा हंगाम झाला. 'फायबर करू का?' असं विचारणारे बरेच भेटतात, म्हणून लिहितोय. सरळ हो म्हणता येत नाही, कारण पाठाणाजवळ (बुडाच्या मधल्या लांब कण्याजवळ) थर सुटलाय आणि ज्याने तो मारला तो फोन उचलत नाही.

इंजिनाचं आधी उरकतो. एका सिलिंडरचं डिझेल, शाफ्ट, पंखा सगळं काढून ९.९ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड लावलं. होडी हलकी झाली, हादरा गेला, ओहोटीला मशीन वर उचलता येतं. पेट्रोल मात्र अंगावर येतं. खाडीत गळ टाकून बसणाऱ्याला परवडेल. जाळी घेऊन रोज लांब जाणाऱ्याने डिझेल सोडू नये.

सगळ्यात मोलाचं काम झालं ते बुचाचं. मेस्त्रींनी मागे, होडीच्या सगळ्यात खोल जागी, भोक पाडून आट्यांचं पितळी बूच बसवलं. म्हणाले, "खाऱ्या पाण्यान होडी मरणा नाय, पावसाच्या पाण्यान मरता." अगदी खरं आहे. मीठ मुरलेल्या लाकडाला कुजवणारी बुरशी सहजी धरत नाही, गोडं पाणी साचलं की धरते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होडी वर ओढलेली. झापांची शाकारणी कितीही दाट करा, वाऱ्याबरोबर पाऊस आत येतोच. (निळी ताडपत्री घालू नका. आत वारा खेळत नाही, लाकूड घामेजून राहतं.) पूर्वी भर पावसात डबा घेऊन उपसायला जावं लागे, तरी वाकांच्या (होडीच्या आतल्या आडव्या फासळ्यांच्या) मागचं पाणी निघत नसे. आता नाळेखाली, म्हणजे पुढच्या टोकाखाली, ओंडका सरकवायचा, बूच काढून ठेवायचं, पाणी आपलं आपण जातं. शाकारणी उतरवल्यावर प्रत्येक वाकाच्या बुडाशी हात घालून पाहिलं. लाकूड कोरडं, नख रुतेना. मात्र पाणी मागे वाहून जायला वाकांखालच्या खाचा मोकळ्या हव्यात, रेझिनच्या ओघळांनी त्या बुजल्या तर बुचाचा काही उपयोग नाही.

दिवाळीच्या सुमारास बूच तांबूस दिसायला लागलं. पाना लावला तर आट्यांचा तुकडाच हातात आला. खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त निघून जातं आणि उरतं ते सच्छिद्र, ठिसूळ तांबं. तेव्हा बूच हवंच, पण गनमेटलचं (तांबं आणि कथिलाच्या मिश्रधातूचं), आणि ज्यात ते बसतं ती बैठकही गनमेटलचीच. आता तसंच घातलंय, अजून रंग पालटलेला नाही.

आता फायबर. सुरुवातीला मी खूश होतो. रेतीवरून ओढताना फळ्या घासत नाहीत, लाकूड पोखरणारा किडा आत शिरत नाही, सांध्यांत कापसाची वात ठोकायचं काम संपलं. थंडीत बुडाची कालवं खरवडताना पाठाणाजवळ पोकळ आवाज आला. तिथला तुकडा कापून उलटा केला तर मॅटची (काचतंतूंच्या चटईची) मागची बाजू गुळगुळीत, तेलकट, लाकडाचा एक तंतूही चिकटलेला नाही. त्या फळ्यांनी वर्षानुवर्षं काजूच्या टरफलाचं तेल प्यायलंय. त्यावर पॉलिस्टर रेझिन धरत नाही. कोरं लाकूड लागेपर्यंत रंधा मारायचा, ओल १५ टक्क्यांखाली येऊ द्यायची, मगच मॅट. या फायबरवाल्याने नुसता ग्राइंडर फिरवला आणि रेझिन ओतलं.

त्याचं म्हणणं, लाकूड जुनं आहे. अहो, जुनं आहे म्हणूनच तर तुम्हाला बोलावलं! आणि होडीच्या वरच्या भागात, जिथे फणसाच्या नव्या फळ्या घातल्या, तिथे त्याच डब्यातलं रेझिन आणि तोच हात असूनही पटाशी घालून थर निघत नाही.

त्यामुळे फायबर वाईट, असं मी म्हणणार नाही. नव्या फळ्यांवर बाहेरून जरूर मारा. तेल प्यायलेल्या फळ्यांना वात आणि तेलच बरं. आतून मात्र कुणी फुकट करून दिलं तरी मारू नका, दोन थरांत कोंडलेली ओल कुठेच जात नाही.

पाठाणाची पट्टी यंदा मेस्त्रींकडून उतरवून घेतोय. त्यांची मजुरी फायबरवाल्याच्या उरलेल्या पैशांतून वजा होईल, तसा निरोप त्याच्या मुलाकडे दिलाय.