शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर : लेकीला घेऊन आवार बघून आलो

थोरलीला एमएस्सीला घालायचं म्हणून मे महिन्यात दोन ठिकाणं बघितली. पहिली एक खाजगी संस्था, नाव घेत नाही. काचेची उंच इमारत, आत गारेगार एसी, बाहेर गाड्या लावायलाही जागा नाही. मी विचारलं, "उद्या विभाग वाढले तर कुठं बांधणार?" तिथला माणूस म्हणाला, "वर चढवू की." लेक काही बोलली नाही, मीही नाही.

दुसऱ्या दिवशी विद्यापीठात गेलो. मी इथलाच विद्यार्थी, कमवा आणि शिका योजनेतला. इतिहासात एमए केलं, तेव्हा माझ्या वाट्याला बागेचं काम होतं. घरची परिस्थिती अशी की ही सोय नसती तर बीएलाच शिक्षण थांबलं असतं. त्यामुळं हा अभिप्राय आपुलकीचा आहे, पण डोळे उघडे ठेवून लिहितोय.

फाटकातून आत आलं की समोर महाराजांचा अश्वारूढ पुतळा आणि मागं मुख्य इमारत. १ डिसेंबर १९७४ ला यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. लेक तिथंच थांबली आणि म्हणाली, "पप्पा, हे सगळं विद्यापीठाचंच?" सगळंच. ८५३ एकर.

आणि मला सांगायचं आहे ते या एकरांबद्दलच. १८ नोव्हेंबर १९६२ ला राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते विद्यापीठाचं उद्घाटन झालं, तेव्हा सरहद्दीवर चीनशी युद्ध पेटलेलं होतं. अशा दिवसांत पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांनी सागरमाळावर कामाला हात घातला. गावाबाहेरचा उघडा माळ होता तो. तेव्हाच्या गरजेपुरतं बघितलं असतं तर थोडक्या जागेत भागलं असतं. पण १९७५ पर्यंत, तब्बल तेरा वर्षं, हा माणूस कुलगुरू होता आणि त्यानं नातवंडांच्या पिढीचा हिशेब धरला. म्हणून तर पुढं नॅनोसायन्ससारखा, त्या काळी कुणाच्या कानावरही न आलेला विषय आला, तेव्हा कुणाचं मैदान न घेता त्याला जागा मिळाली.

बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात लेकीला मुद्दाम नेलं. ताराबाईकालीन कागदपत्रांचा एक खंड काढून तिच्या हातात दिला. संपादक आप्पासाहेब पवार. इमारती उभ्या करणारा माणूस मोडीचे कागदही वाचत होता, हे तिला कळावं म्हणून. तिनं पानं उलटली, एका पत्रावर बोट ठेवलं आणि अर्थ विचारला. आम्ही तिथंच अर्धा तास उभे.

मग मी तिला आम्ही पाणी घालायचो ती बाजू दाखवायला नेली. तेव्हा आमच्या गुडघ्याएवढी असलेली रोपं आता दोन हातांच्या कवेत मावत नाहीत. एका खोडावर मुंग्यांची रांग चालली होती, खाली कुणीतरी नोट्स काढत बसलेलं. उन्हात चालून दमलो होतो, त्या सावलीत बरं वाटलं.

पालकांनी एवढं लक्षात घ्यावं : विभाग लांब लांब आहेत, पायात चांगल्या चपला आणि सोबत पाण्याची बाटली हवी. २०२१ ला नॅकनं, म्हणजे विद्यापीठांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेनं, ए प्लस प्लस दिलंय, ते चांगलंच आहे, पण निव्वळ श्रेणीवर जाऊ नका. एक अख्खा दिवस काढून हिंडा, विभागातल्या मुलांशी बोला.

आणि आज जे कुलगुरू असतील, उद्या जे येतील, त्यांना एका जुन्या विद्यार्थ्याची हात जोडून विनंती : नवं जरूर बांधा, पण मोकळा माळ रिकामा दिसतो म्हणून भरू नका. तो शिल्लक ठेवलाय, पडून राहिलेला नाही.

लेकीनं परतीच्या केएमटी बसमध्येच सांगितलं, फॉर्म इथलाच भरायचा. परवा भरला.