जागतिक वृत्तपत्रस्वातंत्र्य निर्देशांक : क्रमांकाच्या पलीकडे वाचावयाचे साधन

बातमीदारीकडून माध्यम-संशोधनाकडे वळणाऱ्या पत्रकाराच्या हाती बहुधा सर्वप्रथम येते ते पत्रकारितेच्या स्वातंत्र्यासाठी काम करणाऱ्या ‘रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेच्या जागतिक वृत्तपत्रस्वातंत्र्य निर्देशांकाचे संकेतस्थळ. २००२ पासून प्रसिद्ध होणारा हा निर्देशांक आज १८० देशांची पाहणी करून त्यांना गुण व क्रमांक देतो, तो विनामूल्य उपलब्ध आहे आणि प्रत्येक देशासाठी स्वतंत्र टिपण देतो. संशोधनाची सुरुवात करण्यासाठी याहून सोयीचे साधन माझ्या पाहण्यात नाही.

मात्र या सेवेतील सर्वांत कमी उपयोगाचा भाग म्हणजे तिचा सर्वाधिक गाजणारा भाग, अर्थात क्रमांक. एखाद्या देशाचे गुण घटले, पण इतरांचे त्याहून अधिक घटले, तर तो देश यादीत वर सरकतो आणि तेथे परिस्थिती सुधारल्याच्या बातम्या छापून येतात. खरी सामग्री आहे ती राजकीय, आर्थिक, कायदेविषयक, सामाजिक-सांस्कृतिक आणि सुरक्षाविषयक अशा पाच निकषांच्या स्वतंत्र गुणांत. कायदा उदार असूनही जाहिरातदारांच्या दबावाखाली वाकलेली माध्यमे कोठे आहेत, हे एकत्रित आकड्यावरून कधीच कळत नाही. निकष वेगळे करून वाचले की कळते. ही पाच निकषांची पद्धत २०२२ मध्ये आली, त्यामुळे त्याआधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची सरळ तुलना करता येत नाही. संस्था स्वतः तसे बजावते, तरीही दोन दशकांचे सलग आलेख काढले जातात, याचा मला मनापासून खेद वाटतो.

दुसरी मर्यादा पद्धतीतच आहे. गुणांचा मोठा भाग पत्रकार, अभ्यासक आणि मानवाधिकार कार्यकर्ते यांनी भरलेल्या प्रश्नावलीवर ठरतो, म्हणजे तो जाणकारांचा अंदाज असतो, मोजमाप नव्हे. शिवाय हा निर्देशांक पत्रकारितेचा दर्जा मोजत नाही, हेही विसरले जाते.

म्हणून त्याच्या जोडीला ‘कमिटी टू प्रोटेक्ट जर्नलिस्ट्स’ या न्यूयॉर्कमधील संस्थेची नोंदवही मी अपरिहार्य मानतो. १९९२ पासून मारल्या गेलेल्या पत्रकारांची तेथे नावानिशी नोंद आहे, आणि हत्येचा कामाशी संबंध निश्चित झालेली प्रकरणे अनिश्चित प्रकरणांपासून वेगळी ठेवलेली आहेत. ही शिस्त मला फार मोलाची वाटते, कारण संशयाला पुराव्याचा दर्जा देण्याचा मोह या क्षेत्रात सतत होतो. तुरुंगातील पत्रकारांची तिची वार्षिक गणना मात्र १ डिसेंबर या एकाच दिवसाची स्थिती टिपते. त्यापूर्वी अटक होऊन सुटलेले पत्रकार त्यात येत नाहीत. अटक, जामीन आणि पुन्हा अटक या मार्गाने होणारा छळ अभ्यासायचा असेल, तर न्यायालयीन कागदपत्रांपर्यंत संशोधकाला स्वतःच जावे लागते.