नाव आणि गाव चोख, गोष्ट मात्र अर्धवट : टोरोंटोमधील एका इनुइट कलादालनाविषयी

टोरोंटोच्या मध्यवर्ती भागात इनुइट, म्हणजे आर्क्टिक प्रदेशातील मूळ रहिवाशांची, शिल्पे आणि मुद्राचित्रे विकणारे एक लहानसे दालन आहे. जागा दोन खोल्यांचीच, पण मांडणी नेटकी आहे आणि विक्रेते खरेदीची घाई करत नाहीत. अशा दालनाची पारख करताना कलाकाराचे नाव, त्याचे गाव आणि वस्तूमागची गोष्ट ग्राहकापर्यंत कितपत प्रामाणिकपणे पोहोचते, हे मी आधी पाहतो. नाव आणि गाव यांबाबत हे दालन चोख आहे. गोष्टीच्या बाबतीत मात्र ते उणे पडते.

प्रत्येक शिल्पाखाली कलाकाराचे नाव, त्याची वस्ती आणि दगडाचा प्रकार लिहिलेला आहे. बहुतेक नव्या शिल्पांना इग्लूचे चिन्ह असलेली अधिकृत चिठ्ठीही जोडलेली आहे. यंत्रावर हजारोंनी निघणाऱ्या नकलांपासून खरी हस्तकला वेगळी ओळखता यावी म्हणून कॅनडा सरकारने 1958 मध्ये ही चिठ्ठी सुरू केली आणि 2017 पासून तिचा कारभार इनुइट आर्ट फाउंडेशनकडे आला. जुन्या शिल्पांच्या बाबतीत तर दालनाने विशेष कष्ट घेतलेले दिसतात. 1940 च्या दशकापासून सरकार इनुइट लोकांची नोंद आडनावांऐवजी क्रमांक कोरलेल्या चकत्यांवरून करत असे. त्यामुळे त्या काळातील अनेक शिल्पांच्या तळाशी नावाऐवजी नुसता क्रमांक खरवडलेला असतो. इथे अशा क्रमांकांवरून माणसांचा माग काढून त्यांची नावे लावली आहेत. हे काम किचकट आहे आणि त्यासाठी दालनाचे मनापासून कौतुक करायला हवे.

मुद्राचित्रांची खोली मला सर्वांत आवडली. केप डॉर्सेट, म्हणजे आजचे किन्गाईत, या आर्क्टिकमधल्या इनुइट वस्तीत 1950 च्या दशकाच्या अखेरीस मुद्राचित्रणाला सुरुवात झाली. जेम्स ह्यूस्टन या कॅनेडियन चित्रकाराने जपानमध्ये जाऊन हे तंत्र अभ्यासले आणि परत येऊन तिथल्या कारागिरांबरोबर ते रुजवले. 1959 पासून तिथला वार्षिक संच प्रसिद्ध होत आला आहे. चित्र एकजण काढतो, दगडाच्या सपाट पाटावर ते दुसराच कोरतो, मग शाई लावून त्यावर पातळ जपानी कागद अंथरतात आणि हाताने घासून ठसा उचलतात. एका चित्राच्या साधारणपणे पन्नासच प्रती निघतात. विक्रेत्या बाईंनी खणातून एक घुबडाचे चित्र काढून उजेडात तिरके धरले, तेव्हा पिसांच्या कडेला शाई किंचित दाट साचलेली दिसली आणि खालच्या कोपऱ्यात लाल इग्लूचा शिक्का. किन्गाईतच्याच चित्रकार केनोजुआक अशेवाक यांचे 1960 चे ‘मंतरलेले घुबड’ हे मुद्राचित्र पुढे 1970 मध्ये कॅनडाच्या टपाल तिकिटावर आले. या मुद्राचित्रांची ओळख जगभर पोहोचवण्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे.

आता उणिवेविषयी. हिरवट सर्पेंटाइन दगडातले सेडनाचे एक शिल्प मी बराच वेळ पाहत होतो. कमरेखाली माशाचे शेपूट, पाठीवरून ओघळणारी जाड वेणी, तिच्या पेडांत कानशीच्या बारीक रेघा मुद्दाम न घासता ठेवलेल्या, आणि दोन्ही हात मनगटाच्या जरा पुढे बोथट संपलेले. शेजारच्या छापील पत्रकावर मात्र ‘समुद्राची देवता, शिकाऱ्यांची रक्षणकर्ती’ एवढेच लिहिले होते. एवढ्या माहितीवर ते हात तसे का आहेत, हे कोणाला कळणार? वस्तीगणिक सेडनाच्या कथेची रूपे आणि नायिकेची नावे बदलतात. तिच्या एका प्रचलित रूपात बाप आपल्या मुलीला होडीतून पाण्यात ढकलतो, ती काठाला लटकून राहते, तेव्हा तो तिची बोटे छाटतो आणि त्या बोटांचे सील, वॉलरस आणि देवमासे होतात. माणसांनी नियम मोडले की त्यांची पापे तिच्या केसांत गुंता होऊन बसतात, जनावरेही तिथेच अडकतात आणि उपासमार सुरू होते. मग अंगाक्कुक, म्हणजे तिथला मांत्रिक, समुद्रतळाशी उतरून तिचे केस विंचरतो, कारण बोटेच नसल्याने तिला ते स्वतः विंचरता येत नाहीत. शिकारीवर जगणाऱ्या समाजाची सगळी भीती आणि सगळे कर्तव्य या एका गोष्टीत आहे, आणि शिल्पकाराने ती त्या बोथट हातांत आणि वेणीत नेमकी पकडली आहे. तिच्यातला बाप, सुरी आणि गुंता काढून टाकला, तर शिल्पाचा अर्थच निम्मा होतो. विचारल्यावर विक्रेत्या बाईंनी ही गोष्ट फार चांगली सांगितली. म्हणजे दालनाला ती ठाऊक आहे. तीच पत्रकावर यायला हवी, कारण पत्रक वस्तूबरोबर घरी जाते.

लहान शिल्पे काहीशे कॅनेडियन डॉलरपासून आहेत, मोठ्यांची किंमत हजारांत जाते. वॉलरसचा दात किंवा देवमाशाचे हाड वापरलेली वस्तू परदेशी नेण्यासाठी परवाने लागतात आणि अमेरिकेत तर अशा वस्तूंच्या आयातीवर कडक निर्बंध आहेत; दालन हे पैसे घेण्यापूर्वीच स्पष्ट सांगते. परदेशाहून येणाऱ्यांनी म्हणूनच दगडाची शिल्पे किंवा मुद्राचित्रे पाहावीत, आणि पत्रकावर न थांबता प्रत्येक वस्तूची गोष्ट विचारून घ्यावी.