मनगट थांबवायचे की अंगठा? हाताच्या स्प्लिंटची निवड

म्हापशाच्या किंवा मडगावच्या एखाद्या फार्मसीत जाऊन मनगटाचा पट्टा मागितला की विक्रेता दोन-तीन खोकी पुढे ठेवतो आणि विचारतो तो माप व किंमत यांबद्दल. खरा प्रश्न त्याच्या आधीचा असतो. हाताचा कोणता सांधा थांबवायचा आणि कोणता मोकळा ठेवायचा, हे ठरल्याशिवाय महागातला स्प्लिंटही (सांधा स्थिर धरणारा आधार) निरुपयोगी ठरू शकतो.

सर्वाधिक गोंधळ सरळ स्प्लिंट आणि मनगट वर उचलून धरणारा ‘कॉक-अप’ स्प्लिंट या दोहोंत होतो. दिसायला ते जवळजवळ सारखे असतात. रात्री मुंग्यांनी जाग येत असेल, हात झटकल्यावर बरे वाटत असेल, आणि अंगठा, तर्जनी, मधले बोट व अनामिकेची मधल्या बोटाकडची बाजू बधिर होत असून करंगळी मात्र ठीक असेल, तर बहुधा कार्पल टनेल सिंड्रोम असतो. मनगटातल्या ‘कार्पल टनेल’ या अरुंद बोगद्यातून नऊ कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणारे दोर) आणि एक मीडियन नस (मज्जातंतू) जाते. मनगट खाली वळले किंवा वर उचलले गेले की आतला दाब वाढतो आणि ते सरळ असताना तो सर्वांत कमी असतो. झोपेत मनगट दुमडून उशीखाली जाते, म्हणून त्रास रात्री वाढतो. चवथीच्या आधी दिवसभर नेवऱ्या लाटल्यावर किंवा दुचाकीचे हँडल तासभर धरल्यावर बोटे बधिर होतात, त्यामागेही हाच दाब असतो.

या रुग्णाला मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट रात्री वापरायचा असतो आणि निदान सहा आठवडे तरी तो नियमाने लावावा लागतो. बाजारातले बहुतेक तयार पट्टे मात्र मनगट सुमारे 20 ते 30 अंश वर उचलतात. सुदैवाने त्यांतली धातूची पट्टी खिशातून बाहेर काढता येते. ती हाताने सरळ करून परत घातली की काम भागते, पण ही गोष्ट दुकानात क्वचितच कोणी सांगतो. बधिरपणा दिवसरात्र टिकून राहिला असेल किंवा अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा खोल जाऊ लागला असेल, तर केवळ स्प्लिंटवर विसंबून राहू नये. तिथे शस्त्रक्रियेबद्दल तज्ज्ञाचे मत घ्यावेच लागते.

कॉक-अपची खरी जागा वेगळी आहे. दंडाचे हाड मोडल्यावर, किंवा खुर्चीच्या पाठीवर हात टाकून गाढ झोप लागल्यावर, रेडियल नस दुखावते आणि मनगट गळून पडते. बोटे मिटण्याची ताकद शाबूत असूनही मूठ घट्ट होत नाही, कारण मनगट थोडे वर असल्याखेरीज पकड येतच नाही. म्हणून हा स्प्लिंट दिवसा, कामाच्या वेळी लावायचा असतो. दुखावलेली नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढते, त्यामुळे महिनोन्‌महिने थांबण्याची तयारी ठेवावी लागते.

अंगठ्याच्या बाजूचे दुखणे निराळे. तान्ह्या बाळाला दोन्ही हातांनी काखेत धरून उचलणाऱ्या आईला, किंवा आदोळीवर रोज नारळ खवणाऱ्या गृहिणीला, मनगटाच्या अंगठ्याकडील टोकावर कळ येत असेल, तर ती अनेकदा 1895 मध्ये स्विस शल्यचिकित्सक फ्रिट्झ डी क्वेर्वेन यांनी वर्णन केलेली व्याधी असते. अंगठ्याच्या दोन कंडरा तिथल्या आवरणात घासतात. नुसता मनगटाचा पट्टा इथे व्यर्थ आहे, कारण अंगठा हलतच राहतो. मनगट आणि अंगठ्याचे मूळ दोन्ही धरून टोकाचे पेर मोकळे सोडणारा लांब ‘थंब स्पायका’ लागतो. केवळ स्प्लिंटने सर्वांनाच आराम पडत नाही; स्टिरॉइडच्या इंजेक्शनाचा गुण सहसा अधिक येतो आणि दोहोंची जोड देण्याची पद्धतही आहे.

याउलट बरणीचे झाकण उघडताना किंवा किल्ली फिरवताना अंगठ्याच्या अगदी मुळाशी दुखत असेल आणि वय पन्नाशीपुढचे असेल, तर झिजलेल्या सांध्याला आखूड स्प्लिंट पुरतो. मनगट मोकळे राहते, स्वयंपाक करता येतो. लांब स्प्लिंट ‘जास्त सुरक्षित’ म्हणून घेणारे लोक तो चार दिवसांत कपाटात ठेवतात, असे माझे निरीक्षण आहे.

एक इशारा मात्र द्यावासा वाटतो. पावसात दुचाकी घसरून तळहातावर पडल्यावर अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या खळग्यात दाबून दुखत असेल, तर दुकानातला स्पायका बांधून घरी बसू नये. मनगटातल्या स्कॅफॉइड या छोट्या हाडाचा भंग पहिल्या एक्स-रेत कधीकधी दिसत नाही. 10 ते 14 दिवसांनी पुन्हा तपासावे लागते. या हाडाचा रक्तपुरवठा तोकडा असल्याने दुर्लक्षित भंग न जुळता राहू शकतो. बांबोळीचे गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय) असो वा जवळचे जिल्हा रुग्णालय, अस्थिरोग विभागात दाखवणेच शहाणपणाचे.

बोटांच्या स्प्लिंटांत चूक स्वस्तात होते आणि महागात पडते. फुटबॉल किंवा क्रिकेटचा चेंडू बोटाच्या टोकावर आदळून शेवटचे पेर खाली झुकले असेल, तर ते पेर सरळ ठेवणारी प्लॅस्टिकची टोपी सहा ते आठ आठवडे दिवसरात्र लावावी लागते. धुण्यासाठी टोपी काढताना बोट टेबलावर सपाट टेकवून ठेवावे. पेर एकदा जरी खाली पडले तरी मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. मधला सांधा वाकून राहिला असेल तर नियम उलटा: तो सरळ धरायचा आणि टोक मात्र मुद्दाम हलवत राहायचे. अडकून ‘टक्’ आवाजाने सुटणाऱ्या बोटासाठी, जे मधुमेहींत विशेष आढळते, तळव्यालगतचा सांधा थांबवणारा छोटा स्प्लिंट पुरतो.

तयार घ्यावा की हातावर बेतून करून घ्यावा? कार्पल टनेलला तयार पट्टा चालतो. शस्त्रक्रियेनंतर, भाजल्यावर किंवा हाताचा आकार बिघडलेला असताना बेतूनच घ्यावा. गरम पाण्यात, साधारण 65 ते 70 अंशांना, मऊ होणारे थर्मोप्लास्टिक थेट हातावर दाबून आकार दिला जातो. भाजलेल्या हातात मनगट किंचित वर, तळव्यालगतचे सांधे 70 ते 90 अंश वाकलेले आणि बोटे सरळ अशी ठेवण लागते. ती तयार पट्ट्यात मिळत नाही आणि चुकीच्या ठेवणीत सांधे आखडतात. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत हा स्प्लिंट विसरला तर मात्र त्याचा आकार जातो.

गोव्याच्या दमट हवेत निओप्रीनचा (रबरासारख्या कापडाचा) पट्टा घाम धरून ठेवतो आणि पावसाळ्यात धुतलेला पट्टा दोन दिवस वाळत नाही. आत पातळ सुती मोजा घालावा, तोही दोन जोड ठेवून. पट्टा काढल्यावर लाल वळ वीस मिनिटांनंतरही राहिला, बोटे निळसर झाली किंवा नव्याने बधिर झाली, तर बांधणी घट्ट आहे असे समजावे. विकत घेण्यापूर्वी दुकानातच तो लावून मूठ मिटून पाहावी: पट्ट्याची कड तळहातावरील बोटांकडच्या आडव्या रेषेच्या अलीकडेच संपली पाहिजे, ती पुढे येऊन बोटांना अडत असेल, तर एक माप लहान मागावे.