प्रोजेक्टला वर्णनात्मक घेऊ की अनुमानात्मक? आंब्याच्या पेटीवरून बघूया

दिवाळीची सुट्टी संपली की रत्नागिरी-चिपळूणकडच्या पोरांचे मेसेज चालू होतात, "दादा, कॉलेजच्या सांख्यिकीच्या प्रोजेक्टला नुसती सरासरी आणि ग्राफ टाकले तर चालेल का, की टी-टेस्ट लावायलाच पाहिजे?" (टी-टेस्ट म्हणजे दोन गटांच्या सरासरीतला फरक नुसता योगायोगाचा असू शकतो का ते तपासायची रीत.) आणि पुढे हमखास, "टेस्ट लावली की जरा वजन पडतं ना." तर यावेळी दोन्ही बाजू एकदाच लिहून टाकतो, मग ज्याचं त्याने ठरवा.

हापूसची पाच डझनी पेटी घ्या, म्हणजे 60 फळं. सगळी काट्यावर ठेवली, सरासरी काढली, सगळ्यात लहान किती सगळ्यात मोठं किती बघितलं, झालं, ही वर्णनात्मक सांख्यिकी. त्या पेटीबद्दल जे बोलाल ते पक्कं, कारण एकूण एक फळ मोजलंय. आता दुसरा प्रश्न, या बागेतल्या किती आंब्यांत साका असेल? साका म्हणजे काय ते कोकणात सांगायला नको, बाहेरून फळ सोन्यासारखं आणि कापलं की आत पांढरट, स्पंजासारखं, आंबट. कापल्याशिवाय कळत नाही, आणि सगळेच कापून बघितले तर विकणार काय? म्हणून थोडे कापायचे आणि न कापलेल्यांबद्दल बोलायचं, ते पण किती खात्रीने बोलतोय हे सांगून. ही अनुमानात्मक. म्हणजे फरक सोपं-अवघड हा नाहीच, तुम्ही मोजलंय तेवढ्याबद्दलच बोलताय की न मोजलेल्याबद्दल पण, एवढाच आहे.

वर्णनात्मकला लोक उगाच कमी लेखतात. दहावीत मध्य, मध्यक, बहुलक केलं, संपलं, असं वाटतं, पण नेमकं तिथंच पोरं आपटतात. समजा बंदरावर पाच होड्या आल्या, हातात पडले 800, 900, 1000, 1100 आणि पाचव्याला सुरमईचा थवा लागला म्हणून 16,200. सरासरी येते 4000 रुपये. आता 4000 कुणाला मिळाले? कुणालाच नाही. मध्यक, म्हणजे ओळीने लावल्यावर मधला आकडा, 1000, तो त्या दिवसाची खरी गोष्ट सांगतो. पावसाचंही तेच, रत्नागिरीला वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस, त्याला बाराने भागून महिन्याची सरासरी काढणारा प्रोजेक्ट मी बघितलाय, म्हणजे फेब्रुवारीत पण छत्री घेऊन फिरा! जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो, इथे सरासरी नाही तर महिनावार ग्राफ लागतो. सरासरी दिली की सोबत प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते) द्या, आणि डेटा असा एका बाजूला कललेला असेल तर मध्यक आणि चतुर्थक (ओळीने लावलेल्या डेटाचे चार सारखे भाग करणारे आकडे) द्या, एवढं नीट केलं तरी परीक्षक खूश होतो.

आणि जिथे सगळेच मोजलेत तिथे टेस्ट लावायचं कारणच नाही. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात 1000 पुरुषांमागे 1122 बायका. ही नमुन्यावरून केलेली अटकळ नाही, घरोघर जाऊन केलेली मोजणी आहे. याच्यावर पी व्हॅल्यू (टेस्टमधून निघणारा आकडा, त्याचा अर्थ पुढे सांगतो) काढून काय मिळणार? त्यापेक्षा हा आकडा असा का, मुंबईला गेलेले चाकरमानी किती, कुठल्या तालुक्यात जास्त कुठल्यात कमी, हे मांडा, त्यात जास्त दम आहे.

आता दुसरी बाजू. समजा बागेतले 100 आंबे कापले, 12 मध्ये साका निघाला. "बागेत 12 टक्के साका" असं लिहिलं तर चूक, कारण दुसरे 100 कापले असते तर 9 निघाले असते किंवा 15. गणित केलं की 95 टक्के विश्वासाने साधारण 6 ते 18 टक्के अशी पट्टी मिळते. पोरांना हे आवडत नाही, एवढी मेहनत करून एवढं ढोबळ उत्तर? पण तेच प्रामाणिक उत्तर आहे. पट्टी अर्धी करायची तर नमुना दुप्पट नाही चौपट लागतो, 400 कापले आणि 48 निघाले तर 9 ते 15 टक्के. म्हणजे अनुमानात्मक घ्यायचं तर आधी खिसा आणि कॅलेंडर बघा, 400 हापूस कोण कापू देणार तुम्हाला.

छोट्या नमुन्याला पण इलाज आहे, टी-टेस्ट त्यासाठीच आली. विल्यम गॉसेट नावाचा माणूस डब्लिनला गिनेसच्या बिअर कारखान्यात कामाला होता, तिथे थोड्याच नमुन्यांवरून निर्णय घ्यावे लागायचे, त्यातून त्याने 1908 मध्ये "स्टुडंट" या टोपणनावाने पेपर काढला. म्हणून स्टुडंट्स टी, विद्यार्थ्यांसाठी सोपी केलेली वगैरे नाही (मला बीएस्सीपर्यंत तसंच वाटायचं).

आणि पी व्हॅल्यू. नवीन खत घातलेल्या आणि न घातलेल्या कलमांच्या आंब्यांचं वजन घेतलं, पी आली 0.03, की लगेच लिहितात "खत 97 टक्के खात्रीने काम करतं". नाही हो. खताने खरंच काही फरक पडत नसता तरी नुसत्या योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता 3 टक्के, एवढाच त्याचा अर्थ. पी 0.05 च्या खाली आली की फरक दखल घेण्याजोगा धरायचा, ही रेष पण कुणी देवाने आखलेली नाही, 1925 च्या सुमारास रोनाल्ड फिशरने सोयीची म्हणून रूढ केली. वर हजारो आंबे मोजले तर तीन ग्रॅमचा फरक पण "सार्थक" येईल, म्हणजे पी त्या रेषेखाली जाईल, पण तीन ग्रॅमसाठी व्यापारी एक रुपया जास्त देणार नाही.

पण अनुमानात्मकचा सगळा डोलारा ज्यावर उभा आहे ती गोष्ट फॉर्म्युल्यात नाहीच. देवगडला आमचे काका म्हणायचे, "वरचो थर बघून पेटी घेव नको." वरच्या थरात निवडक मोठी फळं लावलेली असतात हे काकांना माहीत होतं, मला मात्र नव्हतं. मी माझ्या प्रोजेक्टला स्वतःच्याच कॉलेजातल्या 60 जणांकडून फॉर्म भरून घेतला, काय-वर्ग टेस्ट (उत्तरांच्या गटांत काही संबंध आहे का ते बघणारी) लावली आणि शीर्षक दिलं "कोकणातील युवकांचा कल". बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकच विचारलं, "हे 60 जण कोकणातले कुठले?" पुढची दहा मिनिटं मी पाणी पीत होतो. आणि नमुना मोठा केला की हे सुटतं असं पण नाही, 1936 मध्ये अमेरिकेत एका साप्ताहिकाने 20 लाखांवर लोकांची उत्तरं गोळा करून राष्ट्राध्यक्षपदी लँडन निवडून येणार सांगितलं आणि रूझवेल्ट प्रचंड बहुमताने आले. यादी केली होती फोन आणि मोटारवाल्यांची, वरचा थरच तो.

उलटं चांगलं उदाहरण बघायचं तर गावात भाताच्या वेळी कृषी सहायक किंवा तलाठी पीक कापणी प्रयोगाला येतात ते बघा. शेत कुठलं आणि शेतातला तुकडा कुठला हे त्यांच्या मर्जीवर नसतं, ते आकड्यांनी यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखं, ठरतं, मग ठरावीक मापाचा तुकडा कापून, झोडून, वजन करून त्यावरून उत्पन्नाचा अंदाज. देशात हे नमुना पद्धतीने बसवण्यात आपल्या साताऱ्याकडचे सांख्यिकीतज्ज्ञ पांडुरंग सुखात्मे यांचा मोठा हात. तुमच्या गावात हा प्रयोग होत असेल तर एकदा बांधावर उभं राहून बघाच, अर्धा धडा तिथेच कळेल.

दोन्हींच्या मधली एक बारीकशी फट पण सांगतो, कारण मार्क तिथे जातात. प्रमाण विचलन काढताना एक्सेलमध्ये दोन सूत्रं असतात, शेवटी पी वालं (STDEV.P) आणि एस वालं (STDEV.S), हा पी म्हणजे वरची पी व्हॅल्यू नव्हे. सगळी पेटी मोजलीय आणि पेटीबद्दलच बोलताय तर पी, तिथे एकूण संख्येने भागतात. नमुन्यावरून बागेबद्दल बोलताय तर एस, तिथे एक कमी करून भागतात. कुठलं वापरलं ते लिहा, आणि का ते पण लिहा.

मग घ्यायचं काय? एकटे असाल, एका सेमिस्टरचा वेळ असेल, डेटा मित्रमंडळींकडून किंवा गुगल फॉर्मवरून येणार असेल तर डोळे झाकून वर्णनात्मक घ्या, आणि शीर्षकात "कोकण" न लिहिता "आमच्या वर्गातील" लिहा. हातात खरी पूर्ण यादी असेल, म्हणजे वाडीतली सगळी घरं किंवा सोसायटीचे सगळे सभासद, आणि त्यातून चिठ्ठ्या टाकून नावं काढता येणार असतील, तर अनुमानात्मक जरूर घ्या, पण प्रश्न एकच ठेवा आणि तो डेटा बघायच्या आधी वहीत लिहा. वीस टेस्ट लावून बघितल्या तर काहीही फरक नसताना पण सरासरी एक तरी 0.05 च्या खाली येते, आणि मग पोरं तेवढीच छापतात. सरकारी आकडे वापरणार असाल तर ते मोजणीचे की नमुन्याचे हे आधी बघा, त्यावरच सगळं ठरतं. आणि अनुमानात्मक घेतलं तरी पहिली दहा पानं वर्णनात्मकचीच असणार, ती चुकवता येत नाहीत.

आंबा विषय घेणाऱ्यांसाठी एक, बऱ्याच ठिकाणी सबमिशन मार्चमध्ये असतं आणि खरी फळं एप्रिल-मेमध्ये येतात, तेव्हा साका मोजायची हौस असेल तर आदल्या वर्षीच मोजून ठेवा नाहीतर भाताकडे वळा, ते ऑक्टोबरात हातात येतं. मासळीवाल्यांनी 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदी धरून चाला, त्या दोन महिन्यांचे रकाने रिकामे राहतील, तिथे शून्य भरून सरासरी काढू नका.