वजन उतरल्यावर उरलेली कातडी: पोटाच्या ऑपरेशननंतरचे काही महिने

एवढं वजन उतरवलंस, आता आणखी काय हवंय, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. पोटाखालची घडी कोरडी राहावी, एवढंच हवं होतं. कातडी पार जांघेवर लोंबायची. घाम आत अडकायचा, पुरळ उठायचं, कातडी सोलवटायची. मलम लावलं की तात्पुरतं बरं, मग पुन्हा तेच. व्यायामाने आवळेल म्हणणारेही पुष्कळ भेटले. व्यायामाने स्नायू कमावता येतात. पण वर्षानुवर्षं ताणून जिच्यातले लवचीक तंतूच तुटलेत, ती कातडी त्याने पूर्ववत होत नाही. म्हणून ती कातडी काढून टाकायचं ऑपरेशन करून घेतलं.

सर्जनने लगेच तारीख दिली नाही, हे मला फार पटलं. वजन किमान ६ महिने एका जागी टिकलेलं हवं. बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रिया, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठरावर करतात ती, झाली असेल, तर त्यानंतर साधारण १२ ते १८ महिने थांबायला सांगतात. हिमोग्लोबिन, प्रथिनं, बी १२, लोह सगळं तपासलं. माझं लोह कमी निघालं, ते भरून येईपर्यंत ऑपरेशन पुढे ढकललं. तंबाखू-सिगारेट असेल तर किमान ४ आठवडे आधी बंद, कारण निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि टाक्यांच्या कडेची कातडी काळी पडून मरू शकते. यातलं काहीच न विचारता कुणी तारीख देत असेल, तर तिथून सरळ उठून यावं.

आणखी एक आधीच विचारून घ्या: नुसती लोंबती कातडी काढणार, की पोटाचे फाकलेले स्नायूही ओढून शिवणार? पहिलं म्हणजे पॅनिक्युलेक्टमी. स्नायू शिवतात ते अ‍ॅब्डोमिनोप्लास्टीत. माझे स्नायूही शिवले आणि सुरुवातीला दुखलं ते मुख्यतः त्यामुळेच. खोकला आला की उशी पोटाशी गच्च धरायची. सरळ उभं राहता येत नव्हतं, कमरेत वाकूनच चालायचं. झोपतानाही पाठीमागे उशा रचून गुडघे वर. तरी लवकरात लवकर चालवतात, पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. कितीही जिवावर आलं तरी ते टाळू नका.

ड्रेनचं मात्र सविस्तर सांगते. जखमेच्या बाजूने बारीक नळ्या बाहेर काढलेल्या असतात, टोकाला मऊ फुगा. तो रिकामा करायचा, चेपून हवा काढायची आणि चेपलेला असतानाच बूच लावायचं, म्हणजे तो पुन्हा आतलं पाणी ओढू लागतो. किती निघालं ते वहीत लिहायचं. रंग आधी गडद लाल, मग गुलाबी, मग पिवळसर. दिवसाला साधारण ३० मिलिलिटरच्या खाली आलं की नळी काढतात. कूस बदलताना ती ओढली जाईल या धास्तीने मला धड झोप लागत नसे. नळ्या निघाल्यावरही एका बाजूला पाणी साठलं, सेरोमा म्हणतात त्याला. बोटाने दाबलं की आत हललेलं कळायचं. सुईने काढावं लागलं. भाग बधिर होता, त्यामुळे दुखलं नाही.

प्रेशर गारमेंट, म्हणजे पोट घट्ट आवळून धरणारा कपडा, ६ आठवडे, जवळजवळ दिवसरात्र. काचतो, पण काढला की पोट जड वाटतं, म्हणून मीच घालून बसायचे. दोन घ्या, एक धुवायला जातो. वजन उचलणंही तेवढे दिवस बंद, त्यामुळे घरात मदतीला माणूस हवंच.

आता व्रण एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत आहे, अजून तांबूस. फिका व्हायला वर्ष-दीड वर्ष जातं, सिलिकॉनच्या पट्ट्या लावते आहे. बेंबीखाली अजून बधिर आहे, त्यातला काही भाग कायमचा तसाच राहू शकतो हे आधी सांगितलेलं होतं. दिवसभर उभं राहिलं की संध्याकाळी सूज येते. काट्यावर फारसा फरक नाही. बारीक होण्यासाठी कुणी हे करणार असेल, तर करू नये. पण पुरळ गेलं ते गेलंच. भरभर चालता येतं, खाली वाकून बुटांच्या नाड्या बांधताना मध्ये काही येत नाही. एवढ्यासाठी मी हे सगळं पुन्हाही सोसेन.

उजव्या टोकाला कातडीचा छोटा उंचवटा राहिला आहे. सूज पूर्ण उतरल्यावर नुसता तो भाग बधिर करून काढता येईल असं सर्जन म्हणतात. दंडांचं ऑपरेशन मात्र मी सध्या नको म्हटलं आहे. तिथे मला पुरळ उठत नाही, आणि तो व्रण काखेपासून कोपरापर्यंत असतो.